तुळशीतला करंट

माझ्या सासऱ्यांना दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक, ते गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन होते. दुसरी, त्यांना सगळं कळत होतं. पहिली गोष्ट सोसायटीच्या पाटीवर रंगवलेली होती, दुसरी ते स्वतःच रोज सांगायचे.

मी त्या घरात गेले ती अंबाजोगाईहून. बी.एस्सी. झालेली, वायरमनची मुलगी. गाव गेवराई तालुक्यातलं, उमापूरच्या बाजाराला जाणारं. लग्नाच्या बैठकीत मामा, म्हणजे आमच्याकडे सासऱ्याला म्हणतात ते मामा, माझ्या वडिलांना म्हणाले होते की शिकलेली सून पाहिजे, घराला उजेड येतो. नंतर मला कळलं, उजेड म्हणजे पाहुण्यांना सांगायला एक डिग्री. डिग्रीवालीने तोंड उघडायचं असतं असं त्यांच्या मनात कधीच नव्हतं.

वडील माझ्या लग्नानंतर वर्षभरात गेले. त्यांच्या मागे मी फक्त त्यांचा टेस्टर मागून घेतला, त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला कायम अडकवलेला. ते आयुष्यभर लोकांच्या घरातल्या तारा ओढत राहिले आणि लोकांना शिव्या घालत राहिले. दिवाळी आली की त्यांचं डोकं जास्तच फिरायचं. दिव्यांची माळ लावायच्या आधी जमिनीवर पसरून वीत वीत तपासा, सोललेली तार दिसली की फेकून द्या, ओल्या जागेवरून नेऊ नका, झोपताना बंद करा, हे ते दर दिवाळीला दर घरी सांगायचे, आणि दर दिवाळीला कुणी तरी भाजून घ्यायचं. शहाण्याला शब्दाचा मार, पण शहाणा कुठून आणायचा, असं म्हणायचे.

दुष्काळाचा तो दुसरा पावसाळाही कोरडा गेलेला होता. विहिरी उघड्या पडल्या होत्या. टँकर चार दिवसांनी यायचा, कधी यायचाही नाही. गुरं सरकारी चारा छावणीत होती. सोसायटीत दूध येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. सकाळी पाच-सहा कॅन यायचे, तेही अर्धे. पण सोसायटी होती, आणि सोसायटी होती म्हणून चेअरमन होते. दूध गार करायचं यंत्रही होतं. त्या यंत्राला वेगळी लाईन होती आणि ती कधीच बंद होत नसे. गावातले दिवे दिवसाचे आठ-दहा तास जायचे, ते यंत्र मात्र रिकामी टाकी गार करत बसलेलं असायचं. ती लाईन आमच्या घराच्या मागून जायची. इथून पुढचा सगळा मूर्खपणा याच एका गोष्टीमुळे शक्य झाला.

मामांनी ठरवलं, यंदा दिवाळीला रोषणाई अशी करायची की डांबरी सडकेवरून दिसली पाहिजे. तुळशीच्या लग्नानंतर सोसायटीची निवडणूक होती. चेअरमनच्या दारात दुष्काळ नाही, हे गावाने बघितलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. गावाच्या दारात तो होता याचं काय, हे त्यांनी मनात आणलं नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तर आमच्या वाशाला माळा लागणार होत्या.

माळा आल्या. तेव्हा आत्तासारखे गार दिवे नव्हते, बारीक काचेच्या रंगीत बल्बांच्या माळा असायच्या, तासाभरात हाताला चटका देणाऱ्या. निम्म्या नव्या, निम्म्या गेल्या वर्षीच्या, माळ्यावर उंदरांनी कुरतडलेल्या. सोसायटीचा ऑपरेटर, म्हणजे ते दूध गार करायचं यंत्र चालवणारा माणूस, तो हे काम करायला बसला. कुरतडलेल्या जागी त्याने तारा पिळून जोडल्या आणि वर मेडिकलच्या दुकानातली जखमेची चिकटपट्टी गुंडाळली. पिन नव्हती तिथे तारेची टोकं तशीच बोर्डात खुपसून काडेपेटीच्या दोन काड्या ठोकून बसवल्या. मी म्हणाले, दादा, निदान टेप तरी आणा. तो म्हणाला, ताई, गेल्या साली बी असंच केलतं. गेल्या वर्षी मेलो नाही, म्हणून यंदाही मरणार नाही. त्या घरातलं सगळं शास्त्र एवढ्या एका वाक्यावर उभं होतं.

मग प्रश्न आला विजेचा. घरातली लाईट रात्री जाते, आणि मीटरही पळतो. म्हणून मागच्या लाईनवर तारेचा आकडा टाकून वीज घ्यायचं ठरलं. एकच आकडा. विजेला जायला एक तार लागते आणि परत यायला दुसरी, पण आमच्या भागात विहिरीवर मोटार चालवणाऱ्या प्रत्येकाला एक युक्ती माहीत आहे: दुसऱ्या तारेऐवजी जमिनीत सळई ठोका, वीज मातीतून परत जाते. मात्र माती ओली पाहिजे. कोरड्या मातीतून वीज जात नाही, दिवे मिणमिणतात. म्हणून विहिरीवर सळईच्या बुडाशी पाणी ओततात आणि बल्ब एकदम उजळतो. ही युक्ती करणाऱ्याला आमच्याकडे हुशार म्हणतात. वडील त्याला दुसरं काही म्हणायचे, ते इथे लिहीत नाही.

आता दुष्काळात ओल आणायची कुठून? ऑपरेटरने अंगणात तीन ठिकाणी सळई ठोकून बघितली, दिवे नुसते लाल झाले. मामा ओसरीवरून बघत होते. ते उठले, अंगणाच्या मध्यावर गेले, आणि बोट दाखवलं. सगळ्या गावात रोज न चुकता पाणी पडणारी एकच जागा उरली होती, आमच्या तुळशीची.

माझी सासू, तिला आम्ही आत्या म्हणतो, रोज सकाळी तुळशीला एक तांब्या पाणी घालायची. टँकरच्या पाण्यातून तिच्या वाट्याला जे यायचं त्यातून. स्वतःची आंघोळ ती एकाआड एक दिवस करी, पण तुळशीचा तांब्या चुकवत नसे. त्या एका तांब्याच्या ओलीवर चेअरमनच्या रोषणाईने डल्ला मारला. वृंदावनाच्या बुडाशी सळई ठोकली गेली, तार गुंडाळली गेली, दिवे लख्ख लागले. मामा म्हणाले, "बगा, डोस्कं लागतं."

मी आमच्या ह्यांना सांगितलं की ती सळई जिवंत झाली आहे, आत्या तिथे अनवाणी आणि ओल्या हातांनी जातात. हे म्हणाले, दादांना, म्हणजे मामांना, कोण सांगणार? आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य या एका प्रश्नात गेलं. मी मामांना सांगितलं. ते ह्यांना म्हणाले की बायकोला म्हणावं, सैपाकात लक्ष दे. नावडतीचं मीठ अळणी, तिथे माझं फिजिक्स काय खारट लागणार?

नरकचतुर्दशीला पहाटे अर्ध्या बादलीत आंघोळ करून आत्या तुळशीला पाणी घालायला गेल्या. माळा रात्रभर चालूच होत्या. पाणी घातलं, वृंदावनाला हात टेकला, आणि झटकन काढून घेतला. परत टेकला, परत काढला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. हाताला मुंग्या आल्या म्हणाल्या. मी धावत गेले, त्यांना मागे ओढलं, आणि काय सांगायचं ते सांगितलं. त्या आपल्या तळहाताकडे बघत होत्या. तेवढ्यात मामा बाहेर आले. त्यांनी लांबूनच विचारलं काय झालं, आणि मुंग्या हा शब्द ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरले नाही. भीती नव्हती ती. माणसाला रस्त्यात काही सापडावं आणि ते उचलायच्या आधी त्याने आजूबाजूला बघावं, तसं काही तरी.

पाडव्यापर्यंत गावात बातमी झाली होती, चेअरमनची तुळस जागृत झाली. दुष्काळात सगळी झाडं वाळली, ही एक हिरवी, आणि हात लावला की अंगात शक्ती सरकते. बायका यायला लागल्या. अनवाणी यायच्या, हात टेकायच्या, दचकायच्या, आणि डोळ्यात पाणी आणून परत जायच्या. काही जणी तुळशीला घालायला म्हणून घरून गडूभर पाणी आणायच्या, त्या दुष्काळात, आपल्या तोंडचं. पाणी पडलं की ओल वाढायची, दिवे आणखी उजळायचे, आणि मामा म्हणायचे, बघा. एवढं सगळं बघून मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळत नव्हतं. मला त्या बायकांचा राग येत नव्हता. पाऊस नाही, गुरं नाहीत, कुठे तरी काही तरी जिवंत आहे एवढं त्यांना पाहिजे होतं. राग येत होता तो ज्यांना माहीत होतं त्यांचा.

कारण मामांना माहीत होतं. ते माळा दिवसाही बंद करू देत नसत, आणि स्वतः कधी वृंदावनाला हात लावत नसत.

एका दुपारी मी सगळ्यांसमोर टेस्टर घेऊन गेले. म्हटलं, तोंडी सांगून ऐकत नाहीत, डोळ्यांनी तरी दिसेल. पायात चप्पल घालूनच गेले, त्यावरून आधी कुजबुज झाली. टेस्टर सळईला लावला. आतला लाल दिवा लागला. मी वळून म्हणाले, हे बघा, ही वीज आहे, देव नाही, हात लावू नका. मग एक म्हातारी पुढे आली, टेस्टरमधला तो लालसर दिवा बघितला, आणि हात जोडले. म्हणाली, "तेल न्हाई, वात न्हाई, आन दिवा लागला." त्या दिवसापासून लोक टेस्टर बघायला मागू लागले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे. माझ्या वडिलांचा टेस्टर मीच देवाच्या ताटात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी काठीने आकडाच खाली पाडला. तासाभरात ऑपरेटरने परत टाकला. मामांनी ह्यांना बोलावून, मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की पुन्हा हात लावला तर माहेरी पाठवून द्या. माहेरी आता आई एकटी होती. ह्यांनी मान हलवली.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दोन मोठे हॅलोजन आले. मांडवाला ऊस पाहिजे, तर छावणीत गुरांना घालायला आलेल्या उसातले पाच चांगले निवडून आणले. अर्धा टँकर अंगणात ओतून सडा घालायचा ठरला, म्हणजे धूळ बसेल आणि दिवे झळकतील. पंचक्रोशीतल्या बायकांना निरोप गेले. मी मनात हिशोब केला: इतके दिवस माळांचा भार होता म्हणून मुंग्यांवर भागत होतं. आता त्यावर हॅलोजन, सगळी जमीन ओली, आणि वृंदावनाला खेटून आत्या, ओल्या साडीत, हातात पाण्याचा कलश. आणि त्या सळईवर गुंडाळलेली तार निसटली, तर तिच्या टोकाशी सगळीच्या सगळी लाईन. मुंग्यांवर भागणार नव्हतं.

दुपारी आत्या पुरणासाठी डाळ निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. वीज कुठून येते, कुठे जाते, मध्ये तुम्ही कशा येता. हेही सांगितलं की तोडायचं झालं तर आधी आकडा उतरवायचा, मग सळई. उलटं केलं तर सळईवाली तार सुटताक्षणी मारेल. त्या डाळ निवडत राहिल्या. मला वाटलं यांना काही कळत नाही, आणि मला त्यांचाही तिटकारा आला. खरं सांगते, आला. मी म्हणाले, आत्या, तुम्हाला समजतंय का मी काय म्हणतेय?

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"माजा भाऊ हिरीवर मोटारीला चिकटलता," त्या म्हणाल्या. "त्याला सोडवाया मीच गेलते, लाकूड घेऊन. करंट काय असतो ते मला तू सांगतीस?"

त्यांनी डाळीतला एक खडा उचलून बाहेर फेकला.

"पैल्याच दिशी कळलं मला. पन इतकी वर्सं झाली या घरात येऊन. चेअरमनीन म्हनून बाया वाकायच्या, ते त्यांच्या भ्यानं. आता येतेत त्या मला इचाराया येतेत. पोरीचं कवा जमंल आत्या, पाऊस कवा पडंल आत्या. मला आजपस्तोर कुनी काय इचारलं व्हतं का गं? तू इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. मला मामांचा तिरस्कार वाटायचा, ह्यांची कीव यायची, ऑपरेटरवर हसू यायचं. पण आत्यांबद्दल मी कधी काही ठरवलंच नव्हतं, त्या चुलीशी असायच्या इतकंच. मला तिथे काही चांगलं बोलता आलं नाही. जे खरं होतं ते बोलले. म्हणाले, "उद्या तुम्ही एकट्या नाही, आत्या. अक्षता टाकायला सगळ्या जणी ओल्यात उभ्या राहतील. तुम्ही बोलावलंय म्हणून."

त्यांनी सूप परत उचललं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अंगण भरलं. सडा घातलेला, चिखल झालेला. उसाचा मांडव, माळा, दोन्ही हॅलोजन भणभणत होते. मामा पांढऱ्या कपड्यांत ओसरीवर, ओसरी कोरडी. आत्या न्हाऊन आल्या, हातात कलश, पायात काही नाही. मी त्यांच्या वाटेत पाट टाकला, कोरडा, लाकडी. पूजेला पाट असतोच म्हणून कुणाला काही वाटलं नाही. त्या पाटावर थांबल्या. वृंदावन तिथून चार पावलं लांब. त्या पुढे जाईनात. गुरुजी म्हणाले, या, पुढं या.

आत्यांनी कलश खाली ठेवला, अंबाडा सोडला, आणि घुमायला लागल्या.

बायका एकदम मागे सरकल्या. त्यांच्या अंगात आलेलं आजवर कुणी बघितलं नव्हतं. आत्यांचा आवाज मोठा कधी नव्हता, पण त्या दिवशी तो ओसरीपर्यंत गेला.

"माज्या पायात खिळा ठोकला," त्या म्हणाल्या. "कुनी ठोकला? काडा. आदी वरचा आकडा काडा, मग खालचा खिळा. उलटं केलं तर जीव घीन. तवर कुनी मला हात लावू नगा."

मी आयुष्यात पुष्कळ अंगात आलेल्या बायका बघितल्या आहेत. इतका बरोबर क्रम एकीलाही माहीत नव्हता.

सगळं गाव मामांकडे बघायला लागलं. दहा-बारा दिवस त्यांनीच सांगितलं होतं की तुळस जागृत आहे. आता ती बोलली होती. त्यांनी ऑपरेटरला हात केला. आकडा उतरला. माळा, हॅलोजन, सगळं एकदम विझलं. मग ऑपरेटरने सळई हलवून हलवून उपटली. पणत्यांच्या उजेडात तुळशीचं लग्न लागलं, आणि अक्षता टाकताना एकही बाई दचकली नाही.

मामा निवडणुकीत बिनविरोध आले. अशी माणसं येतातच. आमचे हे मला नंतर म्हणाले, आईच्या अंगात खरंच आलं असेल का गं? मी म्हणाले, आलं असेल, तुमच्याही येऊ द्या कधी.

तुळशीच्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी लांबच्या गावाहून एक बाई आली. कडेला तापलेलं पोर. तिला कुणी तरी सांगितलं होतं. आत्या तुळशीला पाणी घालत होत्या. बाईने पोराचा हात धरून वृंदावनाला लावला, मग स्वतःचा लावला, थोडा वेळ तसाच ठेवला. काही झालं नाही. तिने आत्यांकडे बघितलं.

"न्हाई बाई," आत्या म्हणाल्या. "आता काय न्हाई त्यात. पोराला गेवराईच्या दवाखान्यात ने, आजच ने."

बाईने पोर सावरलं आणि नमस्कारही न करता आल्या वाटेने गेली. आत्या ती फाटकाबाहेर जाईपर्यंत उभ्या होत्या. मी भांडी घासत होते, तशीच उठले आणि राखेच्या हातांनी त्यांच्या पाया पडले.

"सुनंचा नमस्कार हिशेबात धरत न्हाईत गं," त्या म्हणाल्या, आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेल्या.